वाळ्याच्या ताट्या, बंगई आणि रांगणारी मनू

गेल्या एप्रिलमधल्या एका रविवारी, भर दुपारी, मी माझ्याच घराच्या दिवाणखान्यात टोंगळ्यांवर रांगत होतो. बंगईवर, म्हणजे घरातल्या झोपाळ्यावर, बसून सांबार (कोथिंबीर) निवडत असलेल्या आईने हे दृश्य काही वेळ शांतपणे पाहिले आणि मग विचारले, "काय हरवलं रे?" हरवले काहीच नव्हते, उलट बरेच काही सापडत होते. दिवाणाखाली एक गंजलेला खिळा होता, एक रुपयाचे नाणे होते, बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटाचा कातरलेला तुकडा होता आणि त्या तुकड्यात एक गोळी अजून शिल्लक होती. जमिनीपासून दीड फुटावर डोळे नेले की ओळखीचे घर किती अनोळखी दिसते, हे मला त्या दुपारी कळले. आमची मुलगी मनू तेव्हा सात महिन्यांची होती आणि नुकतीच पोटावर सरपटण्याचे सोडून हातापायांवर रांगू लागली होती.

हा प्रयोग मी आपणहून केला नव्हता. धंतोलीतल्या आमच्या बालरोगतज्ज्ञांनी लसीकरणाच्या वेळी सहज सांगितले होते की बाळाच्या सुरक्षेसाठी काहीही विकत घेण्याआधी एकदा बाळाच्या उंचीवरून घर बघा. आम्ही मात्र घाई करून विकत आधी घेतले आणि बघितले नंतर. इंटरनेटवरून सुमारे अठराशे रुपयांचा एक संच मागवला. त्यात टेबलाच्या कोपऱ्यांना चिकटवायचे फोमचे तुकडे होते, सॉकेटच्या भोकांत बसवायची प्लास्टिकची बुचे होती, कपाटांची कुलुपे आणि दारांचे अडसर होते. खोके उघडताना आम्हा दोघांनाही कर्तव्य पार पडल्याचे समाधान वाटले. ते चार दिवस टिकले. नागपुरात पारा ४४ अंशांच्या पुढे गेला होता आणि त्या उष्म्यात कोपऱ्यांवरचा गोंद सुटून फोमचे तुकडे एकेक करून खाली गळू लागले. पाचव्या दिवशी मनूच्या तोंडात त्यातलाच एक तुकडा होता. तो ओठांच्या बाहेर डोकावत होता म्हणून माझ्या पत्नीला चिमटीत धरून काढता आला. सुरक्षेसाठी आणलेली वस्तू हाच घरातला पहिला अपघात ठरावा, याचे आज हसू येते, त्या दिवशी आले नव्हते.

त्या प्रसंगानंतर डॉक्टरांनी दाखवलेली गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण कोणत्याही खरेदीपेक्षा तिचे मोल मला अधिक वाटते. अडकलेली वस्तू डोळ्यांना दिसत असेल तरच ती काढावी, आत बोट घालून चाचपडू नये, कारण त्याने ती आणखी खाली जाते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला श्वास घेता येत नसेल, खोकता किंवा रडता येत नसेल, तर त्याला पालथे करून, डोके छातीपेक्षा खाली ठेवून, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा द्यायच्या. मग उताणे करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाबायचे आणि वस्तू निघेपर्यंत किंवा मदत पोहोचेपर्यंत हे आळीपाळीने चालू ठेवायचे. तोवर दुसऱ्या कोणीतरी १०८ ला फोन लावलेला असावा. बाळ जोरात खोकत असेल तर मात्र त्याला खोकू द्यायचे. आम्ही हे घरातल्या चौघांनी उशीवर करून पाहिले. बाबांनी उशीला इतक्या जोरात थापा मारल्या की आईने उशीची बाजू घेतली.

आमचे घर मानेवाड्याकडे आहे, पंचवीस वर्षांपूर्वीचे, आतून जिना असलेले, आणि त्याची वायरिंगही तितक्याच वयाची आहे. सॉकेटमध्ये घालायची ती प्लास्टिकची बुचे मनू नखाने उचकटून काढू लागली तेव्हा मी इलेक्ट्रिशियनला बोलावून खालच्या पातळीवरचे सगळे प्लग पॉइंट शटरवाले करून घेतले. या सॉकेटच्या खालच्या दोन भोकांवर आतून पडदे असतात, आणि प्लगची वरची, अर्थिंगची लांब पिन आधी आत शिरल्यावरच ते बाजूला सरकतात. त्यामुळे एका भोकात खिळा किंवा चमच्याची दांडी घालून काही साधत नाही. बुचे काढून ठेवली, कारण निघालेले बूच म्हणजे पुन्हा तोंडात जाणारी वस्तूच.

परंतु खरा धोका सॉकेटमध्ये नव्हता, तो कुलरमध्ये होता. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की आमच्याकडे उन्हाळा म्हणजे लोखंडी पत्र्याचा, कमरेएवढ्या उंचीचा, तीन बाजूंना वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या लावलेला आणि खाली पाण्याचे टाके असलेला कुलर. मार्चच्या शेवटी तो माळ्यावरून उतरतो, ताट्या बदलल्या जातात, पंप तपासला जातो, आणि पहिला पाऊस स्थिरावेपर्यंत तो घरातल्या माणसासारखा वावरतो. बहुतेक घरांत तो खिडकीबाहेर स्टँडवर असतो. आमच्या दिवाणखान्याची रचना अशी आहे की तो व्हरांड्याच्या दारात, जमिनीवरच ठेवावा लागतो. पाणी, वीज आणि उघडा लोखंडी पत्रा या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी, आणि त्याही रांगणाऱ्या पोराच्या हाताशी. वाळ्याचा गार सुगंध येतो म्हणून मनूला ओढही त्याच कोपऱ्याची होती.

एका सकाळी फरशी पुसून झालेली होती, पत्नी अनवाणी होती, मनू तिच्या कडेवर होती, आणि कुलरमध्ये पाणी किती आहे हे पाहण्यासाठी तिने त्याच्या कडेला हात लावला. हाताला झिणझिण्या आल्या. जोराचा धक्का नव्हता, पण तिने हात असा मागे घेतला की मनू रडायला लागली. मी आधी मुख्य स्विच बंद केला आणि मग प्लग काढला. दरवर्षी उन्हाळ्यात कुलरचा शॉक लागून कोणी गेल्याच्या बातम्या इथल्या वर्तमानपत्रांत येतात. त्या आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो.

इलेक्ट्रिशियन दुपारी आला. त्याने टाक्यातला छोटा पंप बाहेर काढून दाखवला. त्याच्या वायरीवरचे आवरण एका जागी तडकले होते आणि ती जागा पत्र्याला घासत होती. मग त्याने तीन पिनांचा प्लग उघडला. गळणारी वीज जमिनीत नेणारी अर्थिंगची हिरवी वायर आत कुठेही जोडलेली नव्हती, कापून मागे दुमडून ठेवलेली होती. म्हणजे प्लग दिसायला तीन पिनांचा, कामाला दोन पिनांचा. शेवटी तो अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्याकडे गेला. मीठ-कोळसा घातलेला तो खड्डा बांधकामाच्या वेळचा होता, वरचे झाकण मातीखाली गेले होते आणि आतली माती भुग्यासारखी कोरडी झाली होती. कोरड्या मातीतून विजेला जमिनीत उतरायला वाट मिळत नाही. कुलर सर्वांत जास्त चालतो तो काळ आणि अर्थिंगचा खड्डा सर्वांत जास्त वाळतो तो काळ एकच, हे माझ्या कधीच ध्यानात आले नव्हते. आता उन्हाळ्यात तुळशीला पाणी घालून झाले की उरलेला तांब्या बाबा त्या खड्ड्यात ओततात.

मी इलेक्ट्रिशियनला म्हणालो की आपल्याकडे एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच, आहेत, मग त्या का पडल्या नाहीत. त्याचे उत्तर मला अजून आठवते. "साहेब, एमसीबी वायरिंग वाचवते, माणूस नाही." एमसीबी पडायला तिच्या क्षमतेहून जास्त करंट, म्हणजे काही अँपिअर, वाहावा लागतो, आणि माणसाचा जीव जायला त्याचा अगदी छोटा अंश पुरतो. माणसासाठी आरसीसीबी नावाचे वेगळे उपकरण असते. फेजच्या तारेतून गेलेली वीज आणि न्यूट्रलच्या तारेतून परतलेली वीज यांची ते सतत तुलना करते, आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज कोणाच्या तरी अंगातून किंवा पत्र्यातून भलतीकडे निघाली, की क्षणार्धात पुरवठा तोडते. घरासाठी ३० मिलिअँपिअरचेच घ्यावे, १०० किंवा ३०० चे घेऊ नये, कारण ती मुख्यतः आगीच्या बचावासाठी असतात. मजुरीसह मला अडीच हजारांच्या आसपास खर्च आला. आधीच्या संचापेक्षा सातशे रुपये जास्त, आणि माझ्या मते या घरात बाळासाठी केलेली ही सर्वांत महत्त्वाची खरेदी, जरी कोणत्याही बाळांच्या दुकानात ती मिळत नसली तरी. त्यावर एक चाचणीचे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहायचे. पहिल्या पावसात आमचे आरसीसीबी तीनदा पडले आणि घरच्यांनी ते काढून टाकण्याचा ठराव जवळपास संमत केला होता. शोध घेतला तेव्हा न्हाणीघरातल्या गिझरमधून वीज गळत असल्याचे निघाले.

कुलरविषयी आणखी दोन-तीन गोष्टी आम्ही पाळतो. चालू कुलरमध्ये पाइपने पाणी भरायचे नाही, आधी प्लग काढायचा. पुढच्या झडपांतून मनूचा हात पंख्यापर्यंत जाऊ शकत होता, म्हणून आतून बारीक जाळी बसवून घेतली. आणि आठवड्यातून एकदा टाके पूर्ण रिकामे करून, कडा घासून, कोरडे करायचे, कारण डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, ती कडांना चिकटून राहतात आणि साधारण आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. नुसते पाणी ओतून दिले आणि कडा घासल्या नाहीत तर अर्धेच काम होते.

पाण्याचा दुसरा धोका न्हाणीघरात होता. आमच्याकडे नळाला ठरावीक वेळी पाणी येते, त्यामुळे बादल्या आणि टब भरून ठेवण्याची सवय पिढीजात आहे. रांगत्या वयाच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. ते बादलीच्या काठाला धरून उभे राहिले, वाकले आणि डोक्याकडून आत गेले, तर त्याला स्वतःला वर काढता येत नाही. त्याला काही इंच पाणीही पुरते, आणि बुडणारे बाळ ओरडत नाही. आम्ही पाणी वरच्या टाकीत साठवू लागलो, बादल्या पालथ्या ठेवू लागलो आणि न्हाणीघराच्या दाराला बाहेरून, माझ्या खांद्याच्या उंचीवर कडी बसवली. साठ रुपयांची कडी.

आता बंगईकडे येतो, कारण घरातला सर्वांत नाजूक प्रश्न तोच होता. आमची बंगई सागाची आहे, आजोबांच्या काळातली, पितळी कड्यांवर टांगलेली, आणि दिवसाचे निदान चार तास आई तिच्यावर असते. रांगताना मनूचे कपाळ जिथे येते, नेमक्या त्याच उंचीवर बंगईच्या फळीचा कोपरा येतो. झुलती बंगई आणि रांगते पोर समोरासमोर आले तर काय होईल हे सांगायला तज्ज्ञ नको. शिवाय कड्यांच्या सांध्यांत बोट सापडण्याची भीती वेगळीच. मी दोन वर्षांसाठी बंगई काढून ठेवावी असे सुचवले. आई काही बोलली नाही, पण त्या संध्याकाळी चहा स्वयंपाकघरातच प्याली. तिसऱ्या दिवशी तिनेच तोड काढली. छताजवळच्या भिंतीत एक आकडा बसवून घ्यायचा, आणि कोणी बसलेले नसेल तेव्हा फळी उचलून साखळीने त्या आकड्यात अडकवून ठेवायची. आता बंगई दिवसभर भिंतीला टेकून उभी असते, आणि मनू झोपली की खाली उतरते. एवढी नेटकी कल्पना मला कोणत्याही माहितीपत्रकात सापडली नसती.

लोखंडी आलमारी आणि टीव्हीचे टेबल मी एल-पट्ट्यांनी भिंतीत ठोकून घेतले. मुले उघड्या खणांवर पायरीसारखी चढतात आणि आलमारी अंगावर येते. यात अधिक सांगण्यासारखे काही नाही, ते करून टाकावे. स्वयंपाकघरात टेबलावरचे लोंबते कापड काढले, गरम दुधाचा गंज, म्हणजे पातेले, ओट्याच्या आतल्या बाजूला सरकवला, भांड्यांचे दांडे भिंतीकडे वळवले आणि गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद करण्याची जुनी सवय पुन्हा लावून घेतली. फिनाईल आणि संडास साफ करण्याचे आम्ल खालच्या कप्प्यातून वर गेले. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत फिनाईल भरून ठेवण्याची पद्धत मात्र आमच्याकडेही होती, आणि तिच्याविषयी मला कडक शब्दच सुचतात. मुलाला बाटली ओळखू येते, तिच्यातला पदार्थ ओळखू येत नाही. असे काही पोटात गेलेच तर उलटी करवू नये, कारण आम्ल वर येताना पुन्हा अन्ननलिका भाजते आणि रॉकेल फुप्फुसात जाते. बाटली सोबत घेऊन सरळ रुग्णालय गाठावे. दिल्लीच्या एम्सचे राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर सल्ला देते. तो क्रमांक आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे.

देवघराचा विचार मी उशिरा केला. आमचे देवघर जमिनीलगत आहे आणि त्याच्या खणात काडेपेटी, अगरबत्त्या आणि कापराची डबी असते. कापराच्या वड्या पांढऱ्या, खडीसाखरेसारख्या दिसतात. त्या मुलाच्या पोटात अगदी थोड्या प्रमाणात गेल्या तरी काही मिनिटांत झटके येऊ शकतात. सर्दी झाली की गळ्यात कापराची पुरचुंडी बांधण्याची आईची रीत होती, ती डॉक्टरांनी थांबवायला सांगितली, आणि कापूर असलेला चोळण्याचा मलमही दोन वर्षांच्या आत वापरायचा नाही असे बजावले. उबदार कपड्यांतल्या डांबर गोळ्याही त्याच दिवशी गेल्या. काजळावरून थोडी चर्चा झाली. बाजारातल्या काजळात आणि सुरम्यात शिसे आढळते, आणि डोळ्यांत घातलेले काजळ हातांवाटे तोंडात जाते. दृष्ट लागू नये ही आईची काळजी मला नाकारायची नव्हती. तेव्हा डोळ्यांऐवजी तळपायाला तीट लावायची असे ठरले. मनूने मोजा काढल्याशिवाय ती कोणाला दिसत नाही, आणि तीट असल्याचे आईला ठाऊक असते.

मधाच्या बाबतीत मात्र आम्ही तडजोड केली नाही. बाळगुटी मधात उगाळून चाटवण्याची पद्धत आमच्याही घरात होती. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यांत ते निरुपद्रवी ठरतात, परंतु एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यांत ते वाढून विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू ढिले पडत जातात. गंमत अशी की वर्ष उलटल्यावर हाच मध एका प्रसंगी उपयोगी पडतो. रिमोट, खेळणी आणि दिवाळीतल्या बॅटरीच्या पणत्यांमध्ये असणारा बटणासारखा चपटा सेल मुलाने गिळला, तर तो अन्ननलिकेत अडकून दोन तासांत तिला गंभीर भाजू शकतो. अशा वेळी, मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळू शकत असेल आणि घटनेला बारा तास झाले नसतील, तर रुग्णालयाच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध देण्याचा सल्ला दिला जातो. त्यासाठी रुग्णालयात जाण्यात एक मिनिटही उशीर करायचा नाही. आमच्या घरातल्या प्रत्येक रिमोटच्या झाकणावर आता चिकटपट्टीचे दोन वेढे आहेत.

औषधांची पेटी हा विषय २०२५ मध्ये नागपुरात फार जवळचा झाला. आमच्यापासून सव्वाशे किलोमीटरवरच्या छिंदवाडा जिल्ह्यात, विशेषतः परासिया भागात, ऑगस्टअखेरपासून खोकल्याच्या एका औषधाने लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली, त्यांतली अनेक मुले उपचारासाठी नागपूरला आणली गेली आणि वीसहून अधिक मुले दगावली. तामिळनाडूत झालेल्या तपासणीत त्या औषधाच्या नमुन्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के आढळले. मान्य मर्यादा ०.१ टक्के आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा स्पष्ट केले की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा टाळावीत. त्याआधी, डिसेंबर २०२३ मध्ये, क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखाली वापरू नये असा इशारा बाटलीवर छापण्याचे आदेश निघालेच होते. त्या आठवड्यात मी आमची पेटी उघडली तर चुलत भावाच्या मुलासाठी आणलेली अर्धी बाटली निघाली, आणि लेबलावर नेमकी हीच दोन नावे होती. सर्दी झाली की मनूला आम्ही नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घालतो आणि छातीशी धरून बसतो.

पॅरासिटामॉलच्या बाबतीत एक चूक मी थोडक्यात टाळली. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये सहसा १०० मिलिग्रॅम औषध असते, तर साध्या सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५० मिलिग्रॅम असते. सिरपचे माप थेंबांना लावले तर औषध दुपटी-चौपटीने जाते. म्हणून डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेला डोस बाटलीवरच, मिलिलिटरमध्ये, ठळक लिहून ठेवला आहे. बाबांच्या मधुमेहाच्या गोळ्या टीपॉयवरच्या रंगीत डबीत असत. त्यांतल्या काही गोळ्या अशा असतात की एकच मुलाच्या पोटात गेली तरी साखर जीवघेणी खाली येते. ती डबी आता आलमारीत कुलूपबंद आहे आणि बाबांना रोज किल्ली शोधावी लागते, याबद्दल त्यांची तक्रार नोंदवून ठेवतो. पाहुण्यांच्या पर्सही आम्ही खुंटीला अडकवतो, कारण गोळ्यांची पाकिटे तिथेच असतात.

उन्हाळ्याच्या गावात ओआरएस, म्हणजे जुलाबात पाण्यातून द्यायची क्षार-साखरेची पूड, घरात असावेच लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी २०.५ ग्रॅमची असते आणि ती एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण ओतायची असते. अर्धी पुडी अर्ध्या पेल्यात ढवळू नये. फळांच्या चवीची, खोक्यातली गोड पेये ओआरएस या नावाने विकली जात होती, आणि हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध अनेक वर्षे पाठपुरावा केला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्येच एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरण्याची परवानगी काढून घेतली. जुलाब लागलेल्या बाळाला जास्त साखरेचे पेय दिले तर जुलाब वाढतात, हे त्यामागचे साधे कारण आहे.

खेळण्यांसाठी मी इतवारीत गेलो होतो. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, आणि चिन्हाखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या अ‍ॅपवर टाकून तो खरा आहे का हे तिथल्या तिथे पाहता येते. मी दुकानात उभा राहून क्रमांक टाकू लागलो तेव्हा दुकानदाराने मोठ्या सौजन्याने विचारले, "साहेब, तुम्हाला खेळणं पाहिजे की मार्क?" दोन्ही पाहिजेत म्हणालो. घरी मी पुठ्ठ्याची, साधारण ३२ मिलिमीटर व्यासाची एक नळी केली आहे, कारण तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची तपासणी जवळपास याच मापाच्या नळकांड्याने होते. त्यात पूर्ण मावते ती वस्तू मनूच्या हाती द्यायची नाही. दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे, म्हणजे मावते. संत्र्याची बी तर मावतेच. आंबिया बहाराची संत्री घरात आली की आई पाकळी सोलून, बी काढून, गर तेवढा भरवते. शेंगदाणे आणि फुटाणे मात्र नळीत मोजण्याची गरजच नाही, ते श्वासनलिकेत अडकण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. यंदा दिवाळीत चिवड्याचा डबा टीपॉयवरून हलवण्यासाठी मला दिवसातून सहा वेळा उठावे लागले.

अमरावतीच्या आत्याने वॉकर आणला तेव्हा घरात थोडा पेच पडला. गोल बैठकीचा, चाकांचा, गाणी म्हणणारा. त्यात बसलेले मूल सेकंदाला मीटरभर वेगाने जाऊ शकते, म्हणजे आपण हाक मारेपर्यंत ते जिन्यापाशी असते, आणि चालायला शिकण्यात त्याची मदतही होत नाही. कॅनडाने २००४ मध्येच त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. "मग पांगुळगाडा कसा चालायचा तुम्हाला?" असे आत्याने विचारले, आणि प्रश्न योग्यच होता. पांगुळगाड्यामागे मूल स्वतःच्या पायांवर उभे असते, हात सोडला की जागेवरच बसते. वॉकरमध्ये ते लटकलेले असते आणि चवड्यांनी जमीन ढकलते. आत्यासमोर हे सगळे बोलून दाखवण्याऐवजी मी वॉकरची चाके काढली आणि तो जागेवर बसवून टाकला. गाणी सुरू आहेत, आत्या समाधानी आहे.

दुचाकीवरून बाळाला नेण्याबद्दल नियम आहे, परंतु रस्त्यावर तो दिसत नाही. १५ फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षापट्टा आणि त्याच्या मापाचे हेल्मेट आवश्यक आहे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. मनूच्या डोक्याला नीट बसणारे हेल्मेट मला सीताबर्डीत मिळाले नाही, म्हणून आम्ही तिला स्कूटरवर नेतच नाही. मोटारीत तिचे आसन मागच्या सीटवर, तिचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल असे बसवलेले आहे. पहिले दहा दिवस ती त्यात रडली, आता झोपते.

राहिला जिना. वेल्डरकडून मी खाली आणि वर दोन छोटी फाटके करून घेतली, दोन्हींचे गज उभे, कारण आडव्या गजांची शिडी होते, आणि त्यांच्यातली फट सहा सेंटिमीटरच्या आत, म्हणजे डोके किंवा धड अडकणार नाही. सहा महिने काम चोख चालले. मनू आता चौदा महिन्यांची आहे, आणि गेल्या मंगळवारी तिने खालच्या फाटकाची कडी वर उचलून उघडली, अगदी बाबा उघडतात तशी, डाव्या हाताने. वेल्डर येत्या रविवारी कडी पलीकडच्या बाजूला हलवून देणार आहे. तोवर जिन्याच्या पहिल्या पायरीवर आम्ही आळीपाळीने बसत आहोत. हे सगळे मी तिथेच बसून लिहिले.